'देवाचा दरबार' : साताऱ्यातील एक ख्रिस्ती प्रयोग (१९१७–१९१९) आणि त्याची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

सातारा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात बाहेरून आलेल्या लोकांच्या वसाहती दोन निराळ्या निमित्तांनी उभ्या राहिल्या. पहिले निमित्त मिशनच्या ठाण्यांचे. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने सातारा शहरी आपले ठाणे घातले. दुसरे निमित्त त्यानंतर शंभर वर्षांनी आले. कोयना नदीवरील प्रकल्पाच्या कामासाठी पाटण तालुक्यात कोयनानगर वसले. पहिल्या प्रकारच्या वसाहतीला कुंपण होते, आणि कुंपणाच्या आत राहणाऱ्यांचा एकमेकांशी असलेला संबंध धर्माने ठरत होता. दुसऱ्या प्रकारच्या वसाहतीत कोणाचा शेजार कोणाला लाभावा हे कामाच्या जागेवरून ठरले. अशा ठिकाणी एखाद्या अल्पसंख्य श्रद्धेच्या माणसाने आपली श्रद्धा शेजाऱ्यांमध्ये कशी जगावी, हा प्रश्न कुंपणाच्या आत राहून सुटण्यासारखा नाही.

हा प्रश्न कोयनानगरच्या पुष्कळ आधी, याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, एका मराठी ख्रिस्ती कवीने स्पष्टपणे विचारला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' या नावाचा बंधुसंघ आरंभिला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईस देहावसान झाले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. दोन वर्षांहूनही कमी आयुष्य लाभलेल्या या प्रयत्नाची नोंद टिळकांच्या चरित्राचे शेवटचे प्रकरण म्हणून होते आणि तेथेच ती संपते. प्रस्तुत निबंधात त्या प्रयत्नाकडे एका निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. दरबाराचा झगडा संस्थेच्या पातळीवर जितका होता तितकाच तो शब्दांच्या पातळीवरही होता, आणि संस्था म्हणून तो का टिकला नाही याचे उत्तरही काही अंशी त्याच शब्दांत सापडते, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. 'मिशन' या शब्दाचे मराठीतील वळण

'मिशन' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ 'पाठविणे' असा आहे. मराठीत आल्यावर मात्र त्याचा हा क्रियार्थ पार लोपला. मराठीत मिशन हे प्रथम स्थळ झाले, मग संस्था झाली आणि अखेरीस मालक झाली. 'तो मिशनात राहतो', 'मिशनात नोकरीला आहे', 'मिशनचा दवाखाना', 'मिशनची शाळा' या प्रयोगांत सप्तमी आणि षष्ठी याच विभक्ती प्रामुख्याने आढळतात. पाठविणारा कोण आणि पाठविलेला कोण, ही जाणीव या प्रयोगांतून पूर्णपणे गळाली आहे. 'मिशनरी' हा शब्दही असाच संकोच पावला. सामान्य व्यवहारात त्याचा अर्थ 'बंगल्यात राहणारा गोरा साहेब' असा झाला. त्याच्या हाताखाली काम करणारा मराठी ख्रिस्ती माणूस 'मास्तर' किंवा 'उपदेशक' असे, पण त्याला मिशनरी कोणी म्हणत नसे.

याच्या उलट मराठी बायबलात 'प्रेषित' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाप्रमाणेच त्याचा अर्थ 'पाठविलेला' असा असून, मिशन या शब्दाने गमावलेला अर्थ त्याने नेमका जपला आहे. परंतु तो ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपुरता राखून ठेवला गेल्यामुळे चालू काळातील माणसास तो लावण्याची सोय राहिली नाही. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी ख्रिस्ती समाजापाशी एक अर्थ होता, पण त्यासाठी चालता शब्द नव्हता. सामान्य ख्रिस्ती माणूस, मग तो सुतार असो, शिक्षक असो वा गृहिणी असो, आपल्या शेजाऱ्यांकडे 'पाठविलेला' आहे, हे सांगावयाचे तर कोणत्या शब्दाने सांगावे? प्रेषित होऊन गेले होते, मिशनरी परके होते, आणि मिशन म्हणजे पगार देणारे ठाणे होते.

शब्दाच्या या वळणामागे वस्तुस्थितीचा आधार होता. ख्रिस्ती झालेल्या माणसास त्याच्या जातीने आणि गावाने बाहेर काढावे आणि मिशनने त्यास आपल्या आवारात आसरा द्यावा, असा क्रम वारंवार घडत असे. शाळा, छापखाना, वसतिगृह, दवाखाना यांच्या भोवती ठाण्याचे जग उभे राहिले. या संस्थांची कामगिरी थोर आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरज येथे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य लोकांस जीवदान दिले, ते रोग्याची जात वा धर्म न विचारता. परंतु रुग्णालय चालविणे वेगळे आणि शेजारी म्हणून राहणे वेगळे. एकात देणारा व घेणारा असा भेद राहतोच, तर दुसऱ्यात तो पुसावा लागतो.

धर्मांतरासंबंधीचा लोकभाषेतील शब्द तर याहून बोलका होता. 'तो बाटला' या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. सोवळ्याला विटाळ व्हावा तसे त्या माणसाचे काहीतरी झाले, एवढेच ते सांगते. त्याने काही शोधले, काही निवडले, याला त्या वाक्यात जागाच नाही. 'तो ख्रिस्ती झाला' हे त्यापेक्षा सौम्य खरे, पण त्यातही एका जमातीतून दुसऱ्या जमातीत गेल्याचाच बोध होतो. 'तो ख्रिस्ताचा झाला' असे म्हटल्यास मात्र अर्थ पालटतो. विशेषणाच्या जागी षष्ठी येते, आणि जमातीच्या जागी व्यक्तीशी जडलेला संबंध येतो. वारकरी ज्या अर्थाने विठोबाचा असतो त्या अर्थाच्या जवळ हे वाक्य जाते. टिळकांच्या उत्तरायुष्यातील सारी धडपड या विशेषणाकडून षष्ठीकडे जाण्याची होती, असे म्हटल्यास ते फारसे चुकणार नाही.

३. साताऱ्यापूर्वीचे टिळक

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्याच्या वाचनातून पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो विधी त्यांनी भारतीय पाळकाच्या हस्ते करवून घेतला, ही गोष्ट त्यांची पुढील दिशा सुचविणारी आहे. त्यानंतरची सुमारे दोन तपे त्यांनी मुख्यतः अहमदनगर व त्याच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात घालविली. 'ज्ञानोदय' या १८४२ साली निघालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरच्या काळात केले, आणि 'ख्रिस्तायन' या महाकाव्यास हात घातला. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

ख्रिस्ताची गोष्ट मराठी वळणाने सांगण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांचे वेगळेपण असे की त्यांना संतांची भाषा केवळ वाहन म्हणून नको होती. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ज्या पुलावरून आलो तो मागे मोडून टाकावा असे त्यांस कधी वाटले नाही. ख्रिस्तास त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले. ज्ञानदेवांस माउली म्हणणाऱ्या समाजाला हे संबोधन समजावून सांगावे लागत नव्हते.

या कालखंडातील एक कौटुंबिक वस्तुस्थिती दरबाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, नंतर त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. परतणे आणि बाप्तिस्मा घेणे यांच्या दरम्यानच्या काळात एकाच घरात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळे-ओवळे पाळणारी, असा संसार चालला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी या दिवसांचे वर्णन केले आहे. कोणाच्या उपदेशाने हार खाऊन त्या बदलल्या असे त्यात दिसत नाही. चूल, पाणी, मुले आणि शेजारपाजार यांच्या रोजच्या व्यवहारात एकेक गाठ सुटत गेल्याचे दिसते. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले यांचा एकत्र परिवार ही दरबाराची मूळ कल्पना टिळकांच्या मनात कागदावर उतरण्याआधी त्यांच्या माजघरात घडून गेली होती.

४. दरबाराची कल्पना आणि तिचे नाव

१९१७ साली टिळकांनी संन्यास घेतल्याचे जाहीर केले. हा संन्यास कुटुंबत्यागाचा नव्हता. त्यागावयाचे होते ते मिशनचे वेतन आणि त्याबरोबर येणारे पद. 'मिशनचा माणूस' ही षष्ठी सुटल्याखेरीज 'ख्रिस्ताचा माणूस' ही षष्ठी लोकांस दिसणार नाही, हा त्यामागील विचार होता. दरबाराची व्याख्या ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या शिष्यांचा बंधुसंघ अशी होती. त्यातील माणसे मानवजातीचे खरे मित्र आणि खरे देशभक्त म्हणून ओळखली जावीत आणि त्यांच्या जगण्यातून लोकांस ख्रिस्ताचे दर्शन घडावे, हा त्याचा हेतू होता. दरबार ही नवी मंडळी नव्हती. जे मंडळीचे सभासद होते त्यांनी आपापल्या मंडळीत राहावे, आणि जे नव्हते त्यांस दाराबाहेर ठेवू नये, अशी ही योजना होती.

नावाची निवड विचार करण्यासारखी आहे. 'दरबार' हा शब्द मूळचा फारसी, परंतु शतकानुशतकांच्या वापराने तो मराठीत मुरलेला आहे. मराठीत देऊळ बांधतात, चर्च बांधतात, पण दरबार 'भरतो'. म्हणजे इमारतीपेक्षा जमण्याच्या क्रियेशी हा शब्द बांधलेला आहे. दरबारात सरदारापासून फिर्यादीपर्यंत नाना तऱ्हेचे लोक येतात, आणि आत येण्यासाठी त्यांनी एका जातीचे वा एका पंथाचे असावे लागत नाही. त्यांस एकत्र आणणारी गोष्ट एवढीच की ते सारे एकाच धन्यासमोर उभे आहेत. पंढरीच्या देवास 'राणा' म्हणणाऱ्या भक्तिपरंपरेत ही कल्पना आधीच रुजलेली होती. शिवाय, ज्या शहरात छत्रपतींचा दरबार भरत असे आणि जेथील राज्य सत्तर वर्षांपूर्वीच बुडाले होते, त्या शहरात हा शब्द पोकळ वाटण्याचे भय नव्हते. मिशनच्या परिभाषेत जो अर्थ अडकून पडला होता त्यास टिळकांनी राजवाड्याच्या आणि वारीच्या परिभाषेतून वाट काढून दिली.

'शिष्य' या शब्दासंबंधीही असेच म्हणावे लागेल. 'ख्रिस्ती' हे नाव खानेसुमारीच्या रकान्यात बसते, 'शिष्य' बसत नाही. शिष्यत्वास आरंभ असतो, वाढ असते, आणि त्यात पुढचे-मागचे असू शकतात. बाप्तिस्म्याच्या अलीकडे उभा असलेला माणूस ख्रिस्ती म्हणवून घेऊ शकत नव्हता, परंतु शिष्य म्हणवून घेऊ शकत होता. मंडळीतील अनेकांस चिंता वाटण्यासारखी जागा हीच होती. बाप्तिस्म्यासाठी ज्यांनी घरदार आणि आईबाप सोडले होते, त्यांस तो विधी ऐच्छिक ठरविला जात आहे असे वाटणे स्वाभाविक होते. ही शंका हलकी नव्हती, आणि तिला पुरते उत्तर देण्यास टिळकांस आयुष्य पुरले नाही.

५. मर्यादा

दरबाराच्या अल्पायुष्याचे कारण म्हणून टिळकांच्या निधनाकडे बोट दाखविले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. दरबाराला स्थावर नव्हते, ठेव नव्हती, आणि मुख्य म्हणजे वारसाची व्यवस्था नव्हती. येथे नावातील दुसरा अर्थ आडवा येतो. दरबार धन्याभोवती भरतो. तत्त्वतः त्या दरबाराचा धनी ख्रिस्त होता, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मध्यभागी टिळकच होते. त्यांचे कवित्व, त्यांचा देशाभिमान आणि त्यांचे निरूपण यांच्यामुळे लोक जमत. ती जागा रिकामी झाली तेव्हा दरबार भरविणारे कोणी उरले नाही. मिशनचे कुंपण नाकारताना टिळकांनी कुंपणाबरोबर छप्परही नाकारले, असा आक्षेप घेता येण्यासारखा आहे.

याहून गंभीर मर्यादा जातीच्या अंगाने येते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने मिशनचा पगार म्हणजे परक्याचे मिंधेपण एवढेच नव्हते. गावकीच्या वेठीतून आणि बलुत्याच्या भाकरीतून सुटण्याची ती पिढ्यांतील पहिली वाट होती. चित्पावन घरातील पंडिताने वेतन सोडून संन्यास घेतला की समाज त्यास वंदन करतो. महारवाड्यातून आलेल्या शिक्षकाने वेतन सोडले असते तर त्यास वंदन करण्यास कोणी आले नसते, आणि परत बोलावण्यास मात्र गावकी उभी होती. 'संन्यास' हा शब्द ज्या परंपरेतून आला त्या परंपरेने तो सर्वांसाठी खुला ठेवलेला नव्हता. म्हणून हा आदर्श मंडळीतील सर्वांस सारखाच घरचा वाटणे शक्य नव्हते.

भजनासंबंधी मात्र एवढ्या कठोरपणे बोलता येणार नाही. अभंगाच्या परंपरेत चोखोबा होते, आणि ती वाणी महारवाड्यातही गायिली जात होती. तरीही तिला दुहेरी स्मृती चिकटलेली होती. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि टिळक साताऱ्यात भजने गात होते तेव्हा पंढरीचे मंदिर अस्पृश्यांस बंद होते. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. भक्तिसंप्रदायाची भाषा उसनी घेणाऱ्याने त्या भाषेतील समतेबरोबर तिच्या उंबरठ्याचीही आठवण ठेवावयास हवी होती. टिळकांच्या दरबारात उंबरठा नव्हता हे खरे, परंतु ते जिभेने सांगून पटणारे नव्हते. पंक्तीत बसूनच ते सिद्ध व्हावयाचे होते.

या दृष्टीने त्याच जिल्ह्यातील एक समकालीन घटना लक्षात घेण्यासारखी आहे. टिळकांच्या मृत्यूनंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर १९१९ मध्ये, कराडजवळील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली आणि तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. भाऊरावांची प्रेरणा सत्यशोधकी होती. तिचा टिळकांच्या श्रद्धेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तुलना करावयाची ती एवढ्यासाठी की सातारच्या समाजापुढे त्या दशकात खरी कसोटी कोणती होती, हे तिच्यावरून समजते. प्रवचनाने वा पद्याने जे अर्धवट राहत होते ते एका स्वयंपाकघराने पुढे नेले. लक्ष्मीबाईंच्या माजघराचा अनुभवही हेच सांगत होता.

६. जे उरले

दरबार विसर्जित झाला तरी दोन गोष्टी उरल्या. पहिली, टिळकांची गीते. 'उपासना संगीत' या संग्रहातून ती मराठी मंडळ्यांत पोहोचली. पुढे १९७० साली उत्तर भारतातील चर्च एकत्र आली तेव्हाही ती गाणारांच्या तोंडी होती. प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस आज जी भाषा सहजपणे वापरतो तिचा मोठा भाग त्या साच्यातून आला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे आश्रमाची कल्पना. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी त्याआधी एक वर्ष 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापिला. भारतीय आणि युरोपीय यांनी एका छपराखाली, एका पंक्तीत आणि साध्या राहणीने राहावे असा त्याचा दंडक होता. दरबारास जे छप्पर मिळाले नव्हते ते येथे मिळाले.

व्यापक जगातील विचारही पुढे याच प्रश्नापाशी येऊन ठेपला. जर्मनीतील विलिंगेन येथे १९५२ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेनंतर असे प्रतिपादन रूढ होत गेले की मिशन हे मंडळीच्या अनेक खात्यांपैकी एक खाते नव्हे. पाठविणारा देव आहे आणि पाठविली गेली आहे ती सबंध मंडळी. दक्षिण भारतात दीर्घकाळ बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन १९७४ साली इंग्लंडास परतले, तेव्हा त्यांस आपला स्वदेशच मिशनचे क्षेत्र झालेला दिसला. पाश्चात्त्य शहरांच्या उपनगरांतील मंडळ्यांनी आपल्या आळीत आणि शेजारात श्रद्धा जगावी, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे जोमाने मांडला गेला. या विचाराचा उगम साताऱ्यात होता असा दावा करणे अनैतिहासिक होईल. परंतु 'मिशन' या शब्दातील हरवलेला 'पाठविणे' हा अर्थ जेथे प्रथम तीव्रतेने जाणवला अशा ठिकाणांत साताऱ्याची गणना करावी लागेल, यात संशय नाही.

७. समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या दोन वसाहतींकडे आता परत वळता येईल. मिशनच्या ठाण्यात शेजारी हा स्वधर्मीय असे, म्हणून शेजारधर्म आणि धर्म यांत फरक करण्याची गरज पडत नसे. कोयनानगरसारख्या प्रकल्पाच्या वसाहतीत सारेच बाहेरून आलेले. तेथे कोणाचीही आळी पिढीजात नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने त्या वसाहतीतील घरे पाडली, तेव्हा ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसास शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर धर्माच्या वा जातीच्या रकान्यात शोधण्यास सवड नव्हती. अशा जागी श्रद्धेचे मोल तिच्या नावावरून ठरत नाही. जो माणूस ती बाळगतो तो हाकेला धावतो की नाही, यावरून ते ठरते.

टिळकांच्या दरबाराने हीच कसोटी स्वतःस लावून घेतली होती. तो तीत पुरा उतरला असे म्हणता येत नाही. त्याचा आदर्श त्याच्या संस्थापकाच्या जातीच्या संस्कारांतून पूर्णपणे सुटलेला नव्हता, आणि त्याची घडी एका व्यक्तीच्या आयुष्याहून मोठी नव्हती. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाच्या अंगावरील 'मिशनचा' ही मुद्रा पुसून त्याचे नाते सरळ आपल्या गुरूशी आणि आपल्या शेजाऱ्याशी जोडण्याचा प्रयत्न प्रथम त्याने एवढ्या नेटाने केला. त्या प्रयत्नाचा इतिहास मिशनच्या अहवालांत जितका शोधावा तितकाच तो मराठी भाषेतील काही शब्दांच्या अर्थांतरातही शोधला पाहिजे.